एक्केचाळीस नंबरची खारघंटी

९ फेब्रुवारी

चिमटे,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची रीत आहे. मी लिहिला नाही. नको असलेली वस्तू दारात टाकून जायला मी काही फेरीवाली नाही.

तीन वर्षांतलं हे पहिलं पत्र. तुझे बाबा गेले तेव्हा तू आलीस, अर्धा तास दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिलीस आणि पाण्याचा घोटही न घेता गेलीस. शेजारीण म्हणाली, "मुलगी होती की पाहुणी?" मी म्हटलं, "तिला गाडी पकडायची होती." खोटं बोलायचं म्हटलं की मला विचार करावा लागत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

आता काम सांगते. समुद्राकडच्या माळाचा दक्षिण उतार सपाट करणार आहेत. तिथे गाड्या उभ्या राहतील आणि कड्यावर कठडा येईल. लोकांनी कठड्याला टेकून समुद्र बघायचा. आज तो जमिनीवर बसून दिसतो, ते पुरत नाही. कार्यालयाच्या फळ्यावर नोटीस लागली आहे: हरकती तीस एप्रिलपर्यंत, त्याच दिवशी सुनावणी. नोटिशीत एक वाक्य आहे, "सदर उतारावर नोंद घेण्याजोगी कोणतीही वनस्पती आढळत नाही."

मी दोन वर्षं माळावर जाते आहे. बाबा गेल्यावर त्यांची पुस्तकं काढली. आधी घरात कोणाचा तरी आवाज असावा म्हणून मोठ्याने वाचायचे. नंतर रागाने वाचायला लागले. जन्मभर मी त्या पुस्तकांवरची धूळ पुसली, आत काय आहे ते मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. झुडपं ओळखायचं ते जाड पुस्तक तर अगदी नवऱ्यासारखं आहे. प्रत्येक वेळी दोनच पर्याय देतं. पानं समोरासमोर की एकाआड एक? कडा सपाट की वळलेली? चुकीचा पर्याय धरलास तर ओरडत नाही, दहा पानं पुढे नेऊन गप्प बसतं. मग आपणच ओळखायचं, कुठेतरी चुकलं.

सोबत एक डहाळी दाबून ठेवली आहे. माझ्या मते ही खारघंटी. साधी घंटी माळभर आहे, ती मोजत नाहीत. खारघंटी असेल तर उताराला हात लावता येणार नाही. माझं मत कोण धरतो? मी शिकलेली नाही. तू शिकलेली आहेस, तुझी सही चालते. बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत तू दिवसभर कोंब मोजतेस म्हणून झुडपं विसरली असशील, असं मला वाटत नाही.

मला काही लिहू नकोस. झाडाविषयी लिही.

आई


२६ फेब्रुवारी

चिमटे,

डहाळी परत आली. बरोबर बोटभर चिठ्ठी. "परागकोश फुलाच्या आत. ही साधी घंटी." शेवटी टिंबसुद्धा व्यवस्थित दिलेलं. बाबांना आवडलं असतं.

मला राग आला, मग लाज वाटली, मग मी भिंग घेऊन बसले. तुझं बरोबर आहे. मी रंगावर गेले. गडद जांभळा दिसला की माझं डोकं चालत नाही. "रंग हा लबाड साक्षीदार," असं ते तुला सांगायचे आणि मी भांडी विसळत ऐकायचे. ऐकून शिकता आलं असतं तर भांडीसुद्धा पदवीधर झाली असती.

या वेळी रंग बघितलाच नाही. पान उलटं केलं. साध्या घंटीचं पान खालून पांढरं, उघडं. हिच्या पानाच्या कडा मागे अशा गुंडाळलेल्या, की पांढऱ्याची फक्त एक रेघ उरते. खारं वारं लागून पाणी उडू नये म्हणून तसं असतं, असं पुस्तक म्हणतं. आणि फुलाच्या तोंडातून परागकोश बाहेर आलेले, धावून दमलेल्या कुत्र्याच्या जिभेसारखे. सुकल्यावर फूल तपकिरी होतं, जिभा गळतात आणि दोघी बहिणी सारख्या दिसायला लागतात. तेव्हा मी ही डहाळी ओल्या कापडात गुंडाळून, घाईच्या टपालाने पाठवते आहे.

हे झुडूप गुडघ्याएवढंही नाही. पण खाली खुंट केवढा! माझ्या मनगटाहून जाड, एका बाजूने काळा. वर दहा वर्षांचं पोर, खाली म्हातारी.

डिंक्याला दाखवलं नाही अजून. डिंक्या आठवतो ना? बाबांच्या हाताखाली कागदांवर वाळलेली झाडं चिकटवायचा, बाही कायम कडक. तो आता बाबांच्या खुर्चीत बसतो. वनस्पती-संग्रहाचा साहेब झाला आहे, चष्मा लावतो. मला मात्र अजून काकू म्हणतो.

जागा मुद्दाम लिहीत नाही. तू झाड बघ, जागा बघू नकोस.

आई


१७ मार्च

चिमटे,

"खारघंटी. कुठून?"

दोन शब्द आले. पहिल्या शब्दाने मला स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसावं लागलं. दुसऱ्या शब्दाने उठवत नव्हतं.

कुठून, म्हणे. जणू तुला माहीतच नाही. अकरा वर्षांपूर्वी तू जिथून आणलीस म्हणाली होतीस, तिथूनच. दक्षिण उताराच्या खालच्या अंगाने, फुटलेल्या खडकापाशी.

सगळं पुन्हा लिहायची गरज नाही, पण लिहिते, कारण आपण दोघींनी हे कधी एकमेकींसमोर धड म्हटलेलं नाही. एकाच दिवशी तू दोन डहाळ्या आणल्यास, उत्तर उतारावरून एक्केचाळीस नंबर, दक्षिण उतारावरून बेचाळीस. तुझ्या वहीत दोन्ही "घंटी, जांभळट". तेव्हा दोन्ही एकच वाटल्या होत्या. सुकवून संग्रहात गेल्यावर बाहेरगावच्या तज्ज्ञाने भिंगाखाली बघितलं आणि एक्केचाळीसचा कागद उचलला: ही खारघंटी आहे, शंभर वर्षांत इथे कोणी पाहिलेली नाही. बाबा त्या दिवशी घरी येताना शिट्टी वाजवत होते. उत्तर उताराला कुंपण घातलं. पुढच्या वर्षी तज्ज्ञ खास बघायला आला आणि दोन दिवस कुंपणाच्या आत रांगला. सगळी साधी घंटी.

तू म्हणालीस, "बाबा, नंबर उलटे झालेत. परागकोश बाहेर आलेली ती दक्षिणेची होती, मला आठवतंय."

पण मधल्या उन्हाळ्यात दक्षिण उतार जळून कोळसा झाला होता. बघायला एक पान शिल्लक नव्हतं. बाबा म्हणाले, "वा! आता जळलेल्या जागेकडे बोट दाखव. राख काही नाही म्हणत नाही."

मग त्यांनी कार्यालयाला ते पत्र लिहिलं. संग्राहिकेच्या हलगर्जीपणामुळे नोंद चुकली, असं. स्वतःच्या मुलीला संग्राहिका. संग्रहातली तुझी जागा जवळजवळ नक्की होती, ती गेली. तू बॅग भरलीस.

आणि आता ती राख फुलली आहे. खुंट जमिनीखाली जिवंत होता, त्याला वर यायला एवढी वर्षं लागली. तो खोटं बोलत नव्हता. तू पण नव्हतीस.

मी डिंक्याकडे गेले. त्याने भिंग लावलं, मग चष्मा काढून पुन्हा भिंग लावलं.

"काकू, ही तुम्ही शोधलीत?"

"डोळे आहेत मला."

"काकू, नवी नोंद करू. तुमच्या नावाने! उतार वाचला समजा."

"आणि जुना कागद?"

तो दाराकडे बघून हळू बोलायला लागला. "जुनं कशाला उकरायचं? ती नोंद शंकास्पद म्हणून पडली आहे, पडू दे. जूनमध्ये त्या मोठ्या खोलीला सरांचं नाव द्यायचं ठरलंय. पाटी करायला गेली आहे. ते हलगर्जीपणाचं पत्र सरांच्या सहीचं आहे, काकू. ते चुकीचं ठरलं की सर चुकीचे ठरतात."

मी त्याला हो म्हटलं.

आता तू दात-ओठ खाशील. खा. पण विचार कर. उतार वाचतो, बाबांचं नाव राहतं, आणि तुझी नोकरी लागलीच ना कुठेतरी? तुला कोणी उपाशी ठेवलेलं नाही. अकरा वर्षांपूर्वीच्या एका शब्दासाठी मेलेल्या माणसाला उभं करून जाब विचारायचा का? तू फक्त ओळख पटल्याची सही दे. बाकी सगळं डिंक्या बघेल.

आई


४ एप्रिल

चिमटे,

तुझं पत्र आलं. मी ते चार दिवस पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं. उघडायच्या आधीच मला त्यातलं वाक्य माहीत होतं, म्हणून.

"मी तुला एकदा विचारलं होतं, कागद बदलताना काही हललं होतं का? पुन्हा विचारते."

तेव्हा तू बॅग भरता भरता विचारलं होतंस. बाबा पलीकडच्या खोलीत होते, दार उघडं होतं. मी म्हटलं, "नाही." तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "नीट आठव, आई." मी म्हटलं, "नाही म्हणते ना! माझ्यावर कशाला ढकलतेस?"

आता नीट आठवते.

तुम्ही बापलेक झाडं आणायचा, दोन फळ्यांमध्ये घालून पट्टे आवळायचा, की तुमचं काम संपलं. रोज ओले झालेले टीपकागद काढून कोरडे घालायचे, ते माझ्याकडे. आठ दिवस, रोज. नाहीतर झाडाला बुरशी येते. कोणी मला ते काम दिलं नव्हतं. कपडे वाळत घालते तसं तेही करेल, असं धरलेलं होतं. त्या दिवशी मी गच्चीवर बसले होते. प्रत्येक झाडापाशी नंबराची चिठ्ठी नुसती ठेवलेली असायची, डिंक पुढे संग्रहात. वारा आला. मी कागद दाबायला दोन्ही हात टाकले आणि दोन चिठ्ठ्या उडाल्या. एक पाण्याच्या टाकीपाशी सापडली, एक शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरीला चिकटलेली. एक्केचाळीस आणि बेचाळीस. दोन्ही झाडं माझ्यासमोर, दोन्ही जांभळट, दोन्ही मला सारखी. मला वाटलं, एकाच झाडाच्या दोन डहाळ्या, काय फरक पडतो? एक इकडे ठेवली, एक तिकडे.

खाली येऊन सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाबांनी सगळा गठ्ठा फेकून दिला असता आणि महिनाभर माझ्याशी बोलले नसते. तुला माहीत आहे ते न बोलणं. भाजीत मीठ कमी असलं तर तुला सांगायचे, "तुझ्या आईला सांग."

मग कुंपण घातलं, तज्ज्ञ आला, भांडण झालं. त्या प्रत्येक दिवशी मी स्वतःला सांगत होते की चिठ्ठ्या बरोबरच ठेवल्या असतील. दोनातली एक शक्यता होतीच की! त्या शक्यतेवर मी अकरा वर्षं जेवले. आणि तू दारातून गेल्यावर मी काय केलं, तेही लिहिते. तुझी खोली झाडली आणि त्यात दाबायच्या फळ्या ठेवल्या.

बाबा शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाले, "पोरीने निदान चूक कबूल करायला हवी होती." मी त्यांच्या तोंडाला पाण्याचा पेला लावला. तेव्हाही बोलता आलं असतं. आजारी माणसाला कशाला त्रास, म्हटलं. माझ्याकडे न बोलायला नेहमीच चांगलं कारण असतं.

खुंटावर ते झुडूप फुललेलं दिसलं तेव्हा शक्यता संपली. पहिल्यांदा मला काय वाटलं, सांगू? उपटून समुद्रात टाकावं. हातही घातला होता. खुंट जाड होता म्हणून राहिलं.

तर हो. हललं होतं.

आई


१ मे

चिमटे,

काल तू तिथे होतीस, तरी लिहिते. तू पूर्ण वेळ समितीच्या टेबलावरच्या तांब्याकडे बघत होतीस, त्यामुळे तुला काय दिसलं असेल ते मला माहीत नाही.

तू येशील असं वाटलं नव्हतं. डिंक्याने कोपराने ढोसून दाखवलं, "काकू, दारापाशी." केस पांढरे झालेत तुझे. चष्मा बाबांसारखाच नाकाच्या टोकावर. मी जागा करून दिली, तू मागच्या रांगेत बसलीस.

डिंक्याने नव्या नोंदीचा कागद तयार आणला होता, फक्त माझी सही बाकी. मी उभी राहिले आणि म्हटलं, "ही नवी नोंद नाही. ही अकरा वर्षांपूर्वीच झालेली आहे. माझ्या मुलीने केली. चिठ्ठ्या मी बदलल्या." डिंक्याने डोळे मिटून घेतले. मला त्याची दया आली. बिचारा मला वाचवायला निघाला होता.

बांधकामवाल्यांचा वकील फार गोड माणूस. खाऊ विचारावा तसं विचारलं, "आजी, त्या काळात घरी किती झाडं सुकवलीत?"

"नऊशेच्या वर."

"आणि प्रत्येकाची चिठ्ठी अशीच सुटी?"

"हो."

"म्हणजे त्या नऊशेंपैकी एकाही कागदावर आज कोणी भरवसा ठेवू नये?"

मला कळलं तो कुठे नेतो आहे. बाबांचं आयुष्य म्हणजे ते नऊशे कागद. नाही म्हणाले असते तर पुन्हा खोटं, हो म्हणाले तर त्यांच्या हातात राहतं काय? मी म्हटलं, "तपासल्याशिवाय ठेवू नये." खोलीत कोणीतरी च्यक् केलं. बाबांना ओळखणारं कोणीतरी असेल.

मग त्याने अध्यक्षांकडे वळून हात पसरले. "ज्या बाईंना तेव्हा दोन झुडपांतला फरक कळत नव्हता, त्यांच्या शब्दावर आपण आज एक अख्खा उतार सोडायचा?"

तेव्हा तू उठलीस. डहाळी ठेवलीस, भिंग ठेवलंस, पानाच्या कडा दाखवल्यास, परागकोश दाखवलेस. जुना कागद मागवून त्याच्याशेजारी धरलास. पाच मिनिटांत, एकही जास्तीचा शब्द न घालता. बाबा इतकं सरळ कधी बोलले नाहीत. अध्यक्षांनी विचारलं, "ही डहाळी कोणी ओळखली?"

तू म्हणालीस, "या बाईंनी. आधी एकदा चुकल्या होत्या. आता त्यांना ओळखता येतं."

या बाईंनी. रात्रभर नाही, पण आज सकाळपासून मी ते दोन शब्द तोंडात घोळवते आहे. कडू आहेत. तरी थुंकवत नाहीत. मला ओळखता येतं, असं आजवर कोणी चारचौघांत म्हटलेलं नाही.

तू गेल्यावरचं सांगते, ते तुला माहीत नसेल. पुढच्या बहरापर्यंत उताराला हात लावायचा नाही, मग झुडपं मोजून ठरवायचं, असा निकाल. पुरता जय नाही. कठड्याच्या खुणा म्हणून ठोकलेल्या लोखंडी सळया तशाच आहेत. खोलीची पाटी थांबवली. डिंक्याने ती मला दाखवली, पितळेची, अक्षरं सुरेख. त्याने पुन्हा कागदात गुंडाळून कपाटावर ठेवली. नऊशे कागद पहिल्यापासून तपासायचे आहेत. तो म्हणाला, "काकू, हाताशी माणूस नाही. येणार का?" सोमवारपासून जाते आहे. नवऱ्याची कीर्ती भिंगाखाली धरून चूक शोधायची, हे काम या वयात नशिबी आलं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडेल असं वाटतं.

एक्केचाळीसचा कागद आजच दुरुस्त केला. मला वाटलं होतं जुनी चिठ्ठी खरवडून काढायची आणि नवी लावायची. डिंक्या हसला. "नाही काकू, संग्रहात जुनी चिठ्ठी कधी काढत नाहीत. चुकीची असली तरी. नवी खाली लावायची. दोन्ही कायम दिसायला हव्यात." म्हणून बाबांची चिठ्ठी, त्यांच्या वळणदार अक्षरात उत्तर उतार, तिथेच आहे. तिच्याखाली शेरा, संग्राहिकेचा हलगर्जीपणा, तोही तिथेच. त्याखाली मी लिहिलं:

"दक्षिण उतार, खालचा भाग. चिठ्ठ्यांची अदलाबदल घरी, टीपकागद बदलताना, माझ्या हातून झाली. विचारल्यावर मी नाकारली. संग्राहिकेची नोंद पहिल्यापासून बरोबर होती."

खाली सही केली. डिंक्याने वाचलं, डिंकाचं झाकण उघडलं आणि थांबला.

"काकू, नातं लिहायचं का? संग्राहिकेची आई, असं?"

मी म्हटलं, "चिठ्ठीत जागा नाही."

जागा होती. चांगली दोन बोटं. ती तशीच ठेवून चिकटवायला लावली.